विधानसभेचं मत आणि उसाचं बिल



गटकार्यालयाच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास निघतो. "कारखान्याला संचालक निवडतो ते कळतं. पण विधानसभेला कुणालाबी मत दिलं तर आपल्या उसाला काय फरक पडतो?" प्रश्न रास्त आहे. सध्याची विधानसभा नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आली. मुदत पाच वर्षांची. ती मध्येच विसर्जित झाली नाही, तर पुढची निवडणूक २०२९ साली. प्रचाराचा धुरळा उडण्याआधी, डोकं शांत असताना हा विषय समजून घेतलेला बरा.

पहिली गोष्ट, कोणाच्या हातात काय आहे? उसाची एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली. साखरेची निर्यात, इथेनॉलचा दर हेही दिल्लीतच ठरतं. म्हणून विधानसभेच्या सभेत कुणी "मी एफआरपी वाढवून देतो" म्हणालं, तर "कशी?" असं खुशाल विचारावं.

मात्र मुंबईच्या हातातही थोडंथोडकं नाही. आपला कारखाना ज्यावर चालतो तो १९६० चा सहकारी संस्था कायदा विधानसभेचा. गळीत हंगाम कधी सुरू करायचा हे राज्याची मंत्री समिती ठरवते. पाटाचं पाणी राज्याचं, कारखान्याच्या कर्जाला थकहमी द्यायची की नाही हेही राज्याचं.

ताजं उदाहरण घ्या. केंद्राचा आदेश सांगतो, ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने ती दोन हप्त्यांत द्यायला मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. साखर विकायला वर्ष लागतं आणि पैसे १४ दिवसांत उभे करायचे, ही कारखान्यांची अडचण खरी. सोसायटीचं कर्ज आणि पोरांची फी थांबत नाही, ही सभासदाची अडचणही तितकीच खरी. पण बिलाचे तुकडे करायचे की नाही, हा निर्णय मुंबईत झाला, हे ध्यानात ठेवावं.

आता पक्षांचं. जागा २८८, बहुमताला १४५. २०२४ साली महायुतीत भाजपला १३२, शिवसेनेला ५७ आणि राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. महाविकास आघाडीत शिवसेना (ठाकरे) २०, काँग्रेस १६ आणि राष्ट्रवादी (शरद पवार) १०. एकाच नावाचे दोन-दोन पक्ष पाहून गडी गोंधळतो. पण हे नवं नाही. १९७८ सालीही दोन काँग्रेस वेगवेगळ्या लढल्या, मग एकत्र येऊन वसंतदादांचं सरकार झालं आणि काही महिन्यांतच ते पडलं. तेव्हा नावावर विसंबू नका. उमेदवार कोण आणि चिन्ह कोणतं हे नीट पाहूनच बटण दाबा.

कारखान्यात मत फक्त सभासदाला. शेअर कितीही असोत, मत एकच. विधानसभेला तर अठरा वर्षं पुरी झालेल्या प्रत्येकाला मत आहे : घरच्या सूनबाईला, सालगड्याला, फडातल्या टोळीलासुद्धा. फक्त यादीत नाव पाहिजे. नाव नसेल तर सहा नंबरचा अर्ज भरावा.

आणि एक विनंती. २०२४ साली मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन हंगाम सुरू होण्याच्या दिवसांत आलं. पुन्हा तसाच मेळ आला, तर तोडकऱ्याचं मत त्याच्या गावी असतं, हे विसरू नये. आपला ऊस दोन दिवस उशिरा तुटला तर चालेल. त्याचं मत बुडालं तर ते पाच वर्षं परत येत नाही.

मत कोणाला द्यायचं हे हे पत्रक सांगणार नाही. दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मात्र पाणी, थकहमी आणि बिलाचे १४ दिवस, हे तीन प्रश्न जरूर विचारा.