विश्लेषण : संत्र्याची ‘सल’ पावसाळ्याआधीच का काढायची?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आंबिया बहराची हिरवी संत्री गळू लागली की मंगरूळपीर, कारंजा, मालेगाव तालुक्यांतील बागायतदारांची फवारणीसाठी धावपळ सुरू होते. या गळीची कारणे एकाहून अधिक आहेत. पाण्याचा व अन्नद्रव्यांचा ताण, रस शोषणारे पतंग आणि बुरशी. यापैकी बुरशीचा बंदोबस्त मात्र उन्हाळ्यातच, कात्रीने करता येतो.

‘सल’ म्हणजे काय?
संत्र्याच्या झाडावर वाळून गेलेल्या बारीक-मोठ्या फांद्यांना आपल्याकडे सल म्हणतात. दाट झाडाच्या आतल्या भागात ऊन पोहोचत नाही, तिथे ती जास्त दिसते. मूळकूज किंवा डिंक्याने खंगलेल्या झाडावर ती शेंड्याकडून सुरू होते. अशा वेळी फक्त फांद्या कापून भागत नाही, मुळांकडेही पाहावे लागते.

फळगळीशी तिचा संबंध काय?
कोलेटोट्रिकम, डिप्लोडिया या बुरशी वाळलेल्या लाकडात तग धरून राहतात. पाऊस सुरू झाला की त्यांचे बीजाणू थेंबांसोबत खालच्या पानांवर, फळांवर उडतात. देठाजवळ संसर्ग झाला की फळ देठातून सुटते. सल झाडावर ठेवून वरून औषध मारणे म्हणजे घरात उंदराचे बीळ तसेच ठेवून दाराशी पिंजरा लावण्यासारखे आहे. म्हणून फळतोडणी संपल्यावर एकदा आणि मान्सूनपूर्वी पुन्हा एकदा सल काढावी. भर पावसात केलेल्या ओल्या जखमा बुरशीला आयत्याच मिळतात.

कापायची कशी?
नेमकी वाळलेल्या टोकापर्यंत कापून चालत नाही. बुरशी त्याच्या थोडी पुढे गेलेली असते. त्यामुळे सुमारे 2 सेंटिमीटर हिरव्या भागासह फांदी काढावी. कात्री धारदार हवी. बोथट कोयत्याने साल चिरली जाते. रोगट झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. हे काम मजुरांकडून करून घेताना हमखास राहून जाते.

जाड फांदी एका दमात वरून कापली तर ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल ओरबाडून नेते. आधी खालून अर्धवट खाच द्यावी, मग थोडे पुढून वरून कापावे. उरलेला खुंट शेवटी खोडाजवळच्या फुगवट्याबाहेर कापावा. फुगवटा छाटू नये, जखम भरते ती तिथूनच.

मोठ्या जखमेवर बोर्डो मलम लावावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. हेच प्रमाण 100 लिटर पाण्यात घेतले की फवारणीचे 1 टक्का बोर्डो मिश्रण होते. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवावेत, लोखंडी भांडे नको. तयार मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. कापलेली सल बांधावर रचून ठेवली तर श्रम वाया गेले. ती बागेबाहेर नेऊन नष्ट करावी.

हिरव्या फांद्या किती काढाव्यात?
हात आखडताच ठेवावा. सरळ वर धावणारे जोमदार पाणसोट आणि कलमाच्या जोडाखालून फुटलेली खुंटाची फूट काढावी. ती जंबेरीची फूट वाढू दिली तर काही वर्षांनी संत्र्याऐवजी जंबेरीच पोसली जाते. ऐन उन्हाळ्यात हिरवा डोलारा कमी केला तर चाळिशीपार तापमानात उघडी पडलेली साल भाजते.

अंगणातल्या झाडांचे काय?
तिथे प्रश्न एकच: फूल नव्या फुटीवर येते की जुन्या काडीवर? गुलाब, जास्वंद, मोगरा नव्या फुटीवर फुलतात. गुलाबाची छाटणी पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये, बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर तिरका काप देऊन करावी. साधारण दीड महिन्यात फुले येतात. मोगरा हिवाळ्यात छाटला की उन्हाळ्यात बहरतो. आंब्याचा मोहोर मात्र पक्व काडीवर येतो. त्यामुळे आंबे उतरल्यावर लगेच छाटावे. दिवाळीच्या साफसफाईत फांद्या तोडल्या, तर त्या फांद्यांचा मोहोर त्या वर्षी गेला.