अनुज्ञा आणि अधिकार : दुचाकीच्या परवान्याचा घरगुती विचार

कामशेतसारख्या गांवीं ज्या घरांत मूल अठरा वर्षांचें झालें, त्या घरांत हल्लीं एक प्रश्न हटकून निघतो : दुचाकीचा परवाना कोणता काढावा, आणि गाडी शिकवावी कोणीं? प्रश्न किरकोळ वाटतो, म्हणून त्याचा निकाल बहुधा घाईनें लागतो. मित्र दोन संध्याकाळीं गाडी शिकवितो, दलाल कागद भरतो, आणि परवाना हातीं येतो. आमच्या मतें हा विषय घरांतील वडील माणसांनीं एकत्र बसून ठरविण्याइतका गंभीर आहे. येथून पुण्यास वा लोणावळ्यास जावयाचें तर दुचाकीस जुना मुंबई–पुणें रस्ताच धरावा लागतो. द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पूर्ण झाला खरा, परंतु त्यावर दुचाकीस मज्जाव आहे. म्हणजे नवशिक्याची पहिली गांठ मालमोटारींशींच पडते.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९८८ चा मोटार वाहन कायदा दुचाकीच्या परवान्याचे दोन प्रकार मानतो : बिनगिअरच्या गाडीचा व गिअरच्या गाडीचा. सोळा वर्षें पूर्ण झालेल्या मुलास पालकांच्या संमतीनें केवळ ५० सी. सी. पर्यंतच्या गाडीची मुभा आहे. एरव्हीं अठरा वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. आज घरोघरीं दिसणाऱ्या स्कूटर बहुतेक ११० किंवा १२५ सी. सी. च्या असतात. तेव्हां अकरावींतील मुलास वा मुलीस ती देणें हा सरळ गुन्हा होय. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याची जबाबदारी पालकावर किंवा गाडीच्या मालकावर येते : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाहीं. विजेच्या गाड्यांविषयींही असाच एक गैरसमज आहे. २५० वॅटपर्यंत शक्तीच्या आणि ताशीं २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या गाडीसच परवान्याची माफी आहे. त्याहून जोरदार गाडीस नाहीं.

आतां दोहोंपैकीं निवड कोणती करावी? ज्यांस बाजार, शाळा आणि स्टेशन एवढ्यापुरतेंच जावयाचें आहे, त्यांस बिनगिअरचा परवाना पुरेसा आहे. परंतु ज्या मुलास अथवा मुलीस रोज तळेगांवास वा लोणावळ्यास जावयाचें आहे, त्यांनीं गिअरच्या गाडीवरच परीक्षा द्यावी, असें आम्ही सुचवितों. तो परवाना असणारा स्कूटरही चालवूं शकतो. उलट मात्र होत नाहीं. शिवाय खंडाळ्याचा घाट उतरतांना खालच्या गिअरमध्यें यंत्रच गाडीला आवरून धरतें, आणि ब्रेकवरील भार हलका होतो. हें ज्ञान मुलांइतकेंच मुलींसही अवश्य आहे.

परीक्षेची रीत अवघड नाहीं. मावळ तालुका पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाखालीं येतो. शिकाऊ परवान्याची लेखी परीक्षा २०२१ पासून आधारच्या साह्यानें घरबसल्याही देतां येते. तींत शेंकडा साठ उत्तरें बरोबर यावीं लागतात. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस लोटल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येत नाहीं. नापास झाल्यास सात दिवसांनीं पुन्हां बसतां येतें. तीनदां नापास झाल्यास साठ दिवस थांबावें लागतें.

येथवर झाली ती अनुज्ञा. सरकारी मराठींत परवान्यास 'अनुज्ञप्ति' म्हणतात, तें योग्यच आहे. कारण अनुज्ञा दुसऱ्यानें द्यावयाची असते. अधिकार मात्र ज्याचा त्यानें मिळवावयाचा. इंग्लंडांत ही पायरी कायद्यानेंच बांधून दिली आहे. तेथें १९९० पासून रस्त्यावर येण्यापूर्वीं सक्तीचें प्राथमिक शिक्षण घ्यावें लागतें. सतराव्या वर्षीं १२५ सी. सी. पर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षीं मध्यम शक्तीची, आणि थेट मोठी हवी तर चोविसावें वर्ष. आपल्याकडे लहान मोटारसायकलवर परीक्षा दिलेला अठरा वर्षांचा मुलगा दुसऱ्याच दिवशीं ६५० सी. सी. ची गाडी रस्त्यावर आणूं शकतो. कायद्यानें जी पायरी घातली नाहीं, ती घरानें घालावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.

याचा धडा कामशेतच्याच टेकड्यांवर मिळतो. येथें पॅराग्लायडिंग शिकावयास दूरदूरची माणसें येतात. त्यांस पहिल्या दिवशीं कोणी कड्यावरून सोडीत नाहीं. आधीं सपाटीवर पंख सांभाळावयास शिकवितात, मग लहानसा उतार, मग उंची. दुचाकीचेंही तसेंच करावें. पहिला आठवडा मोकळ्या मैदानांत : क्लच, तोल आणि दोन्ही ब्रेक एकदम लावण्याची संवय. पुष्कळ मुलें पुढच्या ब्रेकला भितात, पण गाडी थांबविण्याचें मुख्य काम तोच करतो. वेग दुप्पट झाला कीं ब्रेक लावल्यावर गाडी चौपट अंतर धांवते, हें मैदानांत खडूची रेघ मारून दाखवावें. दुसरा आठवडा गांवांतील रस्ते. तिसरा पवनानगरकडचा रस्ता. हमरस्ता चौथ्या आठवड्यांत, तोही सकाळच्या शांत वेळीं. शिकाऊ परवाना मे महिन्यांत काढावा, म्हणजे मावळचा पाऊस मुदतींतच येतो. ट्रॅक्टरनें शेतांतून आणलेल्या चिखलावर चाक कसें सरकतें, तें शिकविणारा जवळ असतांनाच कळलेलें बरें.

मोटार शिकविणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. दुचाकी शिकविणाऱ्या थोड्या. म्हणून हें काम बहुधा घरांतील काकाकडे किंवा थोरल्या भावाकडे येतें. शिकविणाराचा स्वतःचा परवाना त्याच प्रकारचा असावा, गाडीवर पुढें-मागें तांबडें 'एल' अक्षर असावें, आणि शिकविणाराखेरीज कोणासही मागें बसवूं नये. घरांत जो सर्वांत वेगानें जातो त्याची नव्हे, जो सर्वांत शांत आहे त्याची निवड करावी.

आणि पक्का परवाना आल्यावर एक घरची परीक्षा ठेवावी. भर पावसाच्या दिवशीं, दोघांनींही हेल्मेट घालून, वडील माणसानें मागें बसावें आणि कामशेतहून वडगांवपर्यंत जाऊन परत यावें. वाटेंत एकदांही 'सांभाळ' म्हणावें लागलें नाहीं, तर किल्ली द्यावी. लागलें, तर आणखी एक महिना लोकल गाडी आहेच.