वय झालं? मग लावा गाणी!

महाराष्ट्रातल्या सरकारी कचेरीत ३१ मेच्या दुपारी डोकावून बघा. काम बेतास बात, पेढे भरपूर. एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख आईबापांनी नव्हे, हेडमास्तरांनी ठरवली, त्याचा हा प्रताप! पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला तारीख आठवेना, की गुरुजी रजिस्टरात १ जून लिहून मोकळे. आणि नियम असा, की १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. मग काय, ५८ पूर्ण झालेल्यांची रांगच लागते. शाल, श्रीफळ, हार, भाषणं, सगळं घाऊक.

साठीच्या शांतीमागे हेडमास्तर नाहीत, ग्रह आहेत. गुरूची सूर्याभोवतीची फेरी साधारण १२ वर्षांची, शनीची ३० वर्षांच्या आतबाहेर. साठाव्या वर्षी दोघेही जवळपास जुन्या जागी हजर. प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरंही तेव्हा संपतात आणि तुमच्या जन्माचं संवत्सर पुन्हा उगवतं. तमिळनाडूतल्या तिरुक्कडैयूरला तर साठीचे नवरा-नवरी सरळ पुन्हा लग्न लावतात. मार्कंडेयाला यमाच्या तावडीतून सोडवणाऱ्या शंकराचं हे देऊळ. तिथे वर्षभर ज्येष्ठ वधूवरांची गर्दी असते आणि वऱ्हाडात मुलं, सुना, नातवंडं. जपानमध्येही साठ वर्षांचंच चक्र मोजतात. तिथे साठी पूर्ण झालेल्याला लाल टोपी आणि लाल बिनबाह्यांचं जाकीट चढवतात, कारण तो आता नव्याने बाळ झाला!

सहस्रचंद्रदर्शन नेमकं कधी करायचं, यावर घराघरात वाद. गणित सोपं आहे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस. हजार वेळा मोजलं, की साधारण ८० वर्षं १० महिने होतात. आजोबांना ८१ दिव्यांनी ओवाळणाऱ्यांचा हिशेब म्हणजे फारसा चुकलेला नाही. सोबत तुलाही करतात. गुळाची, नाण्यांची, पुस्तकांची. मला वह्यांची तुला सगळ्यांत आवडते. समारंभ संपला, की वह्या गावच्या शाळेत. शालींचं तसं नाही. त्या एका कपाटातून दुसऱ्या कपाटात फिरत राहतात.

वय वाढेल तसा जपानमधल्या ओकिनावाचा उत्साहही वाढतो. तिथे ९७ व्या वर्षाचा सोहळा असतो, काजिमाया. आजीला सजवून उघड्या गाडीत बसवतात, हातात रंगीत भिरभिरं देतात आणि गावभर मिरवणूक काढतात. लोक तिचा हात हातात घ्यायला धावतात, तिच्या आयुष्यातला वाटा आपल्यालाही मिळावा म्हणून.

शंभरी गाठणाऱ्याला जपान सरकार साकेचा पेला देतं. १९६३ मध्ये ही प्रथा सुरू झाली तेव्हा देशात शंभरी पार केलेले होते अवघे १५३. पेला अर्थातच चांदीचा. मग ही मंडळी वाढतच गेली. तिजोरीला घाम फुटला आणि २०१६ पासून पेल्याला नुसता चांदीचा मुलामा आला. २०२४ पर्यंत तर आकडा ९५ हजारांवर गेला! ब्रिटनचं राजघराणं जास्त धोरणी. १९१७ पासून ते फक्त शुभेच्छा पाठवतं, पूर्वी तारेने, आता कार्डाने. शंभरीला एक, १०५ ला दुसरं आणि त्यापुढे दरवर्षी.

नाचाचं म्हणाल तर चीनला तोड नाही. निवृत्त बायका संध्याकाळी चौकात स्पीकर लावून ओळीने नाचतात, आणि वरच्या मजल्यावरची तरुण मंडळी आवाजाच्या तक्रारी करतात. म्हणजे आपल्याकडे जे नातू करतात, ते तिथे आज्या करतात. टोकियोच्या सुमिको इवामुरो त्याही पुढच्या. दिवसा घरच्या उपाहारगृहात कामाला, रात्री क्लबात डीजे! ही कला त्या सत्तरी उलटल्यावर शिकल्या आणि गिनीज बुकात पोचल्या.

बागेत हात वर करून हसणारं टोळकं मात्र अस्सल मुंबईकर. डॉ. मदन कटारियांनी १३ मार्च १९९५ ला लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन हास्यक्लब काढला. सुरुवातीला विनोद सांगायचे. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, उरले ते चावट. बायका नाराज झाल्या, तेव्हा ठरलं, की विनोदाशिवायच हसायचं. आज ही मुंबईची निर्यात जगभर चालते.

आणि वाढदिवसाची सगळ्यांत झकास सरकारी भेट कुठली? माझं मत एसटीला. ६५ ला अर्धं तिकीट होतंच, पण ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास फुकट! पंढरपूर करा, गणपतीपुळे करा, नाहीतर लेकीकडे अचानक धडका. सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, तेवढं ध्यानात ठेवा. पार्टीसाठी गोव्याला निघाला असाल, तर हद्दीवरच्या बांद्याच्या पुढचं तिकीट काढावं लागेल.