हौशी कप्तान जॅक्सन

इंग्लंडच्या क्रिकेटमधील ‘हौशी’ हा शब्द आपल्याकडच्या हौशी नाटकमंडळीच्या अर्थाने घेतला तर फसगत होते. तेथे खेळण्याचे वेतन न घेणारा तो हौशी, म्हणजेच ‘जंटलमन’. वेतन घेणारा तो धंदेवाईक. दोघे एकाच संघात खेळत; पण कित्येक मैदानांवर त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, मैदानात उतरण्याची दारेही निराळी. कप्तानपद तर बहुधा हौशी खेळाडूसाठीच राखलेले असे. हा भेद १९६२ साली रद्द झाला. त्याने खेळाडूस काय दिले आणि काय हिरावून घेतले, हे पाहावयाचे तर फ्रान्सिस स्टॅन्ले जॅक्सनकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

जॅक्सनचा जन्म १८७० सालचा, लीड्सचा. वडिलांचा कातडी कमावण्याचा मोठा कारखाना होता. हॅरो, मग केंब्रिज, अशी धनिकपुत्राची सरळ वाट. १८९२-९३ च्या हिवाळ्यात तो लॉर्ड हॉकच्या संघातून हिंदुस्थानात आला. याच दौऱ्यात मुंबईच्या पारशांनी त्या संघास एकदा हरविले. परत गेल्यावर, १८९३ साली, केंब्रिजचा कप्तान या नात्याने त्याने रणजितसिंहांना विद्यापीठाच्या संघात घेतले. आदल्या वर्षीही कप्तान तोच होता, रणजीही तेथेच होते. पण तेव्हा त्यांना जागा मिळाली नव्हती. हिंदुस्थान पाहिल्यावर त्याची दृष्टी निवळली असावी!

त्याच वर्षी पहिल्या कसोटीत त्याने ९१ धावा केल्या व लगेच पुढच्या कसोटीत शतक काढले. एकूण कसोट्या २०, धावा १४१५, शतके ५. आणि या विसांपैकी एकही सामना इंग्लंडबाहेर नाही! धंदेवाईकाला हिवाळी दौरा म्हणजे मिळकत. जॅक्सनला मात्र कारखाना होता, मध्येच बोअर युद्ध आले. ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक हौशी खेळाडूलाच होती, आणि त्या मोकळिकीपायी ऑस्ट्रेलियाच्या मैदानांवर त्याची परीक्षा कधी झालीच नाही.

१९०५ साली तो इंग्लंडचा कप्तान झाला. समोर ऑस्ट्रेलियाचा डार्लिंग. दोघांची जन्मतारीख एकच. पाचही नाणेफेकी जॅक्सनने जिंकल्या. नशीब म्हणावे, तर नॉटिंगहॅमला नोबल, हिल व डार्लिंग या तिघांना त्याने एकाच षटकात बाद केले, ते नशिबाने नव्हे. लीड्सला नाबाद १४४, मँचेस्टरला ११३. मालिकेत ४९२ धावा, सरासरी ७० वर. शिवाय १३ बळी, सरासरी १५ च्या घरात. फलंदाजीत व गोलंदाजीत, दोहोंत कप्तानच पहिला. इंग्लंडने मालिका २-० अशी जिंकली. त्यानंतर तो एकही कसोटी खेळला नाही. वय अवघे ३४.

पुढे पार्लमेंट, आणि १९२७ पासून बंगालची गव्हर्नरी. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या तरुणीने त्याच्यावर पिस्तूल झाडले. तो खाली वाकला व बचावला. बीना दासना नऊ वर्षांची सजा झाली. जॅक्सनच्या चपळाईचे कौतुक क्रिकेटच्या लिखाणात पुष्कळदा येते. बीनाबाईंचे नाव तेथे क्वचितच आढळते. त्याच वर्षी गव्हर्नरी संपवून तो मायदेशी परतला, आणि मार्च १९४७ मध्ये वारला.