तिकिटाची खिडकी आपल्यासाठीही आहे

सोलापुरातील नाट्यगृहे, गाण्याची व्यासपीठे आणि मैदाने यांची कुटुंबासाठी ओळख



यंत्रमागाची पाळी सुटते, विड्यांचा आठवड्याचा हिशेब हातात येतो, रविवार उजाडतो आणि घरातली मुले विचारतात, ‘आज कुठं नेणार आम्हाला?’ बहुतेक घरांत याचे उत्तर ठरलेले असते. एक तर टीव्ही, नाही तर ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल. फार झाले तर सिद्धेश्वर तलावाकडे एक फेरी आणि येताना गरम भजी. सोलापुरात नाटके लागतात, गाण्याचे कार्यक्रम होतात, मैदानावर सामने रंगतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ‘नाट्यगृहात कधी गेलात का?’ असे आम्ही वस्तीत विचारले की आयाबाया हसतात. ‘तिथं आपलं काय काम? ते मोठ्या लोकांचं,’ म्हणतात.

त्या हसण्यामागे जुनी भीती आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला सांगितले गेले की, तुमची जागा बाहेर. आज कायद्याने कोणी अडवू शकत नाही. तिकिटाची खिडकी जात विचारत नाही. तरीही पाय दारापाशी अडखळतो. हा पाय मोकळा व्हावा म्हणून हा लेख.

खेळ आणि वाचन, दोन्ही चळवळीचेच

कोणी म्हणेल, पोरांच्या शिक्षणाचे पाहायचे सोडून नाटके आणि खेळ कशाला? त्यांनी थोडा इतिहास पाहावा. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने १९२५ च्या जानेवारीत जे विद्यार्थी वसतिगृह उघडले, ते आपल्या सोलापुरात. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांसाठी हॉकीचा क्लबही काढला. जुगार आणि दारूच्या नादाला लागणाऱ्या पोरांना मैदानाकडे वळवावे, हा त्यामागचा हेतू होता. वसतिगृह, वाचनालय आणि खेळ अशी ही तीन कामे एकाच सभेने हाती घेतली होती. मग आपणच खेळाला आणि कलेला रिकामटेकड्यांचा उद्योग का म्हणावे?

हुतात्मा स्मृती मंदिर

सोलापुरातील नाटकाचे मुख्य घर म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिर. नावातच शहराचा इतिहास आहे. १९३० च्या मे महिन्यात सोलापूरकरांनी इंग्रज सत्तेला असा हिसका दिला की शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चौघांची घरे वेगळी, समाज वेगळे, एकाचा धर्मही वेगळा. फासावर मात्र ते एकत्र गेले. त्यांच्या नावाच्या सभागृहात मुलांना नेताना आधी ही हकिगत सांगावी. मग दारातून आत जाताना मान आपोआप ताठ राहते.

येथे मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके येतात. त्यांचे तिकीट कष्टकरी घराला जड जाते, हे खरे. पण खिशाला परवडणारे आणि कसदार असे एक ठिकाण आम्ही सुचवतो. ते म्हणजे राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा. १९५४ पासून चालत आलेल्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी निरनिराळ्या केंद्रांवर होते आणि सोलापूर हे त्यातले जुने केंद्र. सहसा थंडीच्या दिवसांत रोज एक नाटक असते आणि तिकीट अगदी नाममात्र. बँकेतले कारकून, शिक्षक, कॉलेजची मुले, दुकानात काम करणारे तरुण महिना-दोन महिने तालीम करून रंगमंचावर उभे राहतात. आपल्यासारखीच माणसे ती. एखादे नाटक फसते, एखादे असे लागते की घरी येईपर्यंत कोणी बोलत नाही.

सोलापूरच्या हौशी रंगभूमीने मोठी माणसे दिली. पंढरपूरला जन्मलेले डॉ. जब्बार पटेल शाळेत शिकले ते सोलापुरात, आणि नाटकाचे वेड त्यांना लागले तेही इथेच. पुढे १९७२ साली त्यांनी ‘घाशीराम कोतवाल’ बसवले आणि २००० साली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट लोकांपुढे आणला. अभिनेते अतुल कुलकर्णी यांनी सोलापूरच्या ‘नाट्य आराधना’ या हौशी संस्थेत काम केले. गुणी पोराला रंगमंच मिळाला की तो कुठवर जातो, याची ही उदाहरणे. आपल्या वस्तीतल्या पोरांतही ते गुण आहेत. त्यांनी आधी नाटक पाहिले तर पाहिजे!

छोटी सभागृहे

मोठ्या नाट्यगृहाचे दडपण वाटत असेल तर सुरुवात छोट्या जागेपासून करावी. मराठीचे नामवंत समीक्षक निर्मलकुमार फडकुले यांच्या नावाचे सभागृह शहरात आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयातही कार्यक्रम होत असतात. व्याख्याने, काव्यवाचन, गायनाच्या मैफली यांपैकी कितीतरी कार्यक्रमांना तिकीटच नसते. निमंत्रण छापलेले नसले तरी ‘सर्वांना प्रवेश’ असे लिहिलेले असते. त्या ‘सर्वां’मध्ये आपण आहोत, हे विसरू नये.

रंगमंचावर आपण होतो, खुर्चीवर नव्हतो

आता थोडे मागे जाऊ. लावणीला ज्यांनी वैभव दिले ते शाहीर राम जोशी सोलापूरचे. त्यांच्यावर १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. पण ज्या तमाशाने त्यांना वेड लावले, तो तमाशा शतकानुशतके कोणी जगवला? महार, मांग, कोल्हाटी अशा समाजातल्या कलावंतांनी. तमाशासम्राज्ञी विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरचा. त्यांना राष्ट्रपतींच्या हातून सन्मान मिळाला, पण शेवटची वर्षे हालअपेष्टांत गेली आणि २००२ साली त्या गेल्या. हलगी आपली, ढोलकी आपली, पायातले चाळही आपलेच. पण समोरच्या मानाच्या जागेवर दुसरेच बसायचे.

या चित्राला पहिला मोठा तडा दिला तो आंबेडकरी जलशांनी. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचाच बाज घेतला, पण त्यातून करमणुकीबरोबर विचार दिला. तिथे गाणाराही आपला आणि ऐकणाराही आपला होता. आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीने शाहीर अमर शेख दिले. गिरणीत काम केलेल्या या माणसाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफावर थाप मारून मैदाने जागवली. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव हिंडून भीमगीते घराघरांत पोहोचवली. अलीकडे २०१२ साली रंगमंचावर आलेल्या ‘शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला’ या नाटकाने जलशाचा तोच बाज नाट्यगृहात नेला. त्यामागची कल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचे.

आज मोडनिंबची कला केंद्रे संगीत बारीसाठी प्रसिद्ध आहेत. अकलूजला १९९० च्या दशकात सुरू झालेल्या लावणी स्पर्धेने एक चांगली गोष्ट केली. बायकांनी कुटुंबासह बसून लावणी पाहावी, कलावंताच्या कलेला टाळी द्यावी, असे वातावरण तिथे तयार झाले. नाचणाऱ्या बाईकडे कलावंत म्हणून पाहायला घरातल्या मुलग्यांना शिकवायचे असेल तर असे व्यासपीठ उपयोगी पडते.

जयंतीच्या मंडपाचे काय?

आपल्या घराजवळचे, बिनतिकिटाचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे जयंतीचा मंडप. सोलापूरची जयंती आणि तिची मिरवणूक जिल्ह्यात नावाजलेली. पण आम्ही मनातले बोलतो. अलीकडे मंडपात माणसाचा गळा कमी आणि यंत्राचा आवाज जास्त झाला आहे. भिंतीएवढे स्पीकर लागले की घरातली म्हातारी माणसे कानावर हात ठेवतात, तान्ही लेकरे दचकतात. त्या आवाजात गाण्याचा शब्दच ऐकू येत नाही. ज्या गाण्याने लोक शहाणे झाले, त्यातला शब्दच हरवला तर उरले काय?

दुसरे नुकसान पोटाचे आहे. ढोलकीवाला, पेटीवाला, कोरस धरणाऱ्या बाया यांना वर्षभर ज्या दिवसांची आशा असते, ते दिवस यंत्राने नेले. मंडळाच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. वर्गणीतून एक रात्र तरी गायन पार्टीसाठी राखून ठेवा. सवाल-जबाब होऊ द्या, वस्तीतल्या मुलामुलींना एकेक गाणे म्हणू द्या. बिदागी ठरल्याप्रमाणे आणि वेळेवर द्या. पुढच्या रांगा बायांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी ठेवा. असा मंडप बाहेरगावच्या पाहुण्यांनाही मुद्दाम दाखवावा असा होईल.

पार्क मैदान आणि बाळूंची आठवण

आता मैदानाकडे वळू. इंदिरा गांधी स्टेडियम, म्हणजे आपले पार्क मैदान. भुईकोट किल्ला आणि गड्ड्याची यात्रा भरते ते होम मैदान जवळच. या पार्क मैदानावर बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर जानेवारी २०२४ मध्ये रणजी करंडकाचा सामना झाला, महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. रणजीच्या सामन्याला सहसा तिकीट नसते. टीव्हीवर ज्यांची नावे ऐकतो, ते खेळाडू चार दिवस डोळ्यांसमोर धावताना दिसतात. पुन्हा असा सामना लागला तर मुलांना एक दिवस तरी अवश्य न्यावे.

पायरीवर बसल्यावर त्यांना पालवणकर बाळूंची गोष्ट सांगावी. चर्मकार समाजातले हे गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात खेळत असताना सहकाऱ्यांचा चहा आत आणि यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. ते हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. त्यांचे भाऊ विठ्ठल यांना तो मान मिळाला, तो १९२३ साली. मैदानावरची पायरी कशी मिळाली, हे मुलांना कळले पाहिजे.

क्रिकेटपेक्षा आपल्या जवळचे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि कुस्ती. गावच्या जत्रेतला कुस्तीचा आखाडा अजूनही फुकट पाहायला मिळतो आणि सोलापूरच्या मातीत महाराष्ट्र-कर्नाटक दोन्हीकडचे मल्ल उतरतात. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरने खो-खो जपला आहे. मुलींनाही मैदान दाखवावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी जिंकला, तसा महिलांनीही जिंकला. पोरगी मैदानावर गेली तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न आता मागे टाकू या.

जाताना एवढे लक्षात ठेवा

वर्तमानपत्रातल्या ‘आजचे कार्यक्रम’ या रकान्यावर रोज नजर टाकावी. नाट्यगृहाच्या दारावरचा फलक येता-जाता वाचावा. बाल्कनीचे तिकीट स्वस्त असते आणि तिथूनही नाटक चांगले दिसते. वेळेआधी पंधरा मिनिटे पोहोचावे. मोबाईल बंद ठेवावा. तान्हे मूल रडले तर थोडा वेळ बाहेर न्यावे, त्यात लाज नाही. नाटक रात्री उशिरा सुटते, तेव्हा शेजारची दोन-तीन घरे मिळून जावे म्हणजे रिक्षाचे भाडे वाटून जाते आणि बायकांना सोबत होते. मैदानावर जाताना टोपी, पाण्याची बाटली, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर घ्यावी. बाहेरच्या खाण्याचा खर्च वाचतो.

महिन्यातून एकदा तरी असा बेत करा. परत आल्यावर मुलांना विचारा, काय आवडले, काय पटले नाही. एखादा मुलगा अभिनेत्याची नक्कल करून दाखवील, एखादी मुलगी म्हणेल, मलाही खो-खो खेळायचाय. त्यांना हसू नका. त्यांचे नाव शाळेच्या संघात, नाटकाच्या तालमीत घाला. आज तिकीट काढून खुर्चीवर बसलेले मूल उद्या रंगमंचावर आणि मैदानात उतरेल, तेव्हा तिथे आपले काय काम, असे त्याला वाटणार नाही.

जय भीम!