दुखण्याच्या आधी पोचणारा करंट

कंबर धरली की लालबाग-परळच्या चाळीत आधी शेक निघतो, मग मलम, मग गोळी. गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या की पोट कुरकुरतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. अशात शेजारचं कुणीतरी सुचवतं, ‘फिजिओकडे जाऊन करंट लावून घ्या.’

या करंटचं नाव टेन्स. हातात मावेल एवढं यंत्र, दोन-चार चिकट पट्ट्या, आणि कातडीखाली मुंग्या. कल्पना फार जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस गाऊटच्या रोग्याला विजेचा झटका देणाऱ्या माशावर पाय ठेवायला सांगे!

आराम का पडतो, याची पटण्याजोगी मांडणी मात्र 1965 मध्ये झाली. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मज्जारज्जूत एक ‘दार’ असल्याचं सुचवलं. ते दादरच्या पुलासारखं समजा. स्पर्शाच्या जाड, वेगवान शिरांचे संदेश आधी येऊन पूल अडवतात आणि दुखण्याचे मागे रखडतात. गुडघा आपटला की हात आपसूक चोळायला जातो, तो याचसाठी. टेन्स तेच चोळणं विजेने करतं.

देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा याच परळात, केईएम रुग्णालयात, 1953 साली निघाली. निमित्त मुंबईतल्या पोलिओच्या साथीचं. आज अशी यंत्रं गल्लोगल्लीच्या फिजिओंकडे दिसतात.

पण यंत्राची भलामण जपूनच करावी. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका, असंच सांगितलं, कारण पुरावा तोकडा. अनेकांना आराम पडतो तो यंत्र चालू असेपर्यंत आणि थोडा नंतर. तेवढ्या वेळात व्यायाम उरकला तर पैसे वसूल. नुसतं पडून करंट घेणाऱ्याची कंबर आहे तिथेच राहते.

शिरेच्याच दुखण्याने बेजार झालेल्या, बाकी उपाय थकलेल्या काहींसाठी पुढची पायरी आहे: मणक्यात बारीक तार आणि कातडीखाली बॅटरी. नॉर्मन शीली या अमेरिकी शल्यविशारदाने 1967 मध्ये असं यंत्र प्रथम बसवलं. आधी काही दिवस तात्पुरती तार घालून पाहतात. दुखणं निम्म्याने तरी उतरलं तरच बॅटरी बसते. खर्च लाखांत जातो.

टेन्स घरी आणणार असाल तर पट्ट्या कुठे लावायच्या ते फिजिओकडून शिकून घ्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला त्या कधीच लावू नका, आणि पेसमेकर असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बटण दाबू नका.