एका भांड्यातील जर्मनी : कोबी आणि पांढऱ्या राजम्याचा आइनटॉप्फ

कोणत्याही देशाची खाद्यसंस्कृती त्याच्या मेजवान्यांपेक्षा रोजच्या जेवणात अधिक स्पष्टपणे दिसते. जर्मनी म्हटले की परदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे सॉसेज, केक आणि बिअरचे उंच पेले येतात. परंतु कडाक्याच्या थंडीत, दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येत असताना, जर्मन घरातील चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या जे शिजत आले आहे, ते म्हणजे 'आइनटॉप्फ'. 'आइन' म्हणजे एक आणि 'टॉप्फ' म्हणजे भांडे. भाजी, कडधान्य, बटाटे आणि असेल तर थोडे मांस, असे सारे एकाच भांड्यात संथपणे शिजवलेला हा दाट रस्सा. त्याच्या असंख्य प्रकारांपैकी कोबी आणि सुक्या पांढऱ्या राजम्याचा प्रकार पोटभरीचा, स्वस्त आणि भारतीय स्वयंपाकघरात सहज जमण्याजोगा आहे.

बाराशे वर्षांची यादी

इ. स. ८०० च्या सुमारास, सम्राट शार्लमेनच्या काळात, राजाच्या मालकीच्या शेतजमिनींची व्यवस्था कशी ठेवावी याविषयी 'कापितुलारे दे विलिस' नावाचे लॅटिन आज्ञापत्र काढण्यात आले. त्याच्या अखेरीस बागांमध्ये लावावयाच्या वनस्पतींची लांबलचक यादी आहे. त्या यादीत कोबी आहे, बाकल्याच्या शेंगा आहेत, शहाजिऱ्याच्या जातीचे 'क्युमेल' आहे आणि जर्मन लोक ज्या वनस्पतीला आज 'बोनेनक्राउट', म्हणजे शेंगांची वनस्पती, असे म्हणतात तीही आहे. या पदार्थाची चव ज्यांवर उभी आहे, त्या बहुतेक वस्तू अशा रीतीने बाराशे वर्षांपूर्वी एका कागदावर एकत्र आल्या होत्या.

आज वापरला जाणारा राजमा आणि बटाटा मात्र अमेरिका खंडातून, कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर युरोपात आले. बटाट्याला जर्मन शेतकरी प्रथम बिचकत. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने २४ मार्च १७५६ रोजी बटाट्याच्या लागवडीचा प्रसार करण्याविषयी अधिकाऱ्यांना आदेश पाठवला होता. कोबीला अशा आदेशाची गरज पडली नाही. थंड, दमट हवा त्याला मानवते आणि घट्ट गड्डे थंड कोठारात हिवाळाभर टिकतात. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील डिथमार्शेन हा प्रदेश कोबीच्या विस्तीर्ण मळ्यांसाठी प्रसिद्ध असून तेथे १९८७ पासून सप्टेंबर महिन्यात कोबीचा उत्सव साजरा होतो.

मराठी वाचकाला या भाजीचे नावही सर्वस्वी परके नाही. कोबीसाठी असलेला जर्मन शब्द 'कोल' आणि पोर्तुगीज शब्द 'कोव्ह' हे दोन्ही देठ या अर्थाच्या 'काउलिस' या लॅटिन शब्दापासून निघाले. मराठीतील 'कोबी' त्या पोर्तुगीज शब्दावरून आला. 'बटाटा'ही पोर्तुगीजांकडूनच आला.

काटकसर आणि सक्ती

हा पदार्थ गरजेतून घडला. एकच चूल, एकच भांडे, थोडेसे सरपण आणि उरलेसुरले सारे काही सामावून घेणारा रस्सा, हे त्याचे मूळ स्वरूप. पहिल्या महायुद्धात १९१६ साली बटाट्याचे पीक बुडाले आणि सागरी नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येणे कठीण झाले. १९१६-१७ चा तो हिवाळा जर्मनीच्या स्मरणात 'सलगमचा हिवाळा' म्हणून राहिला आहे, कारण एरवी गुरांना घातले जाणारे एक प्रकारचे सलगम माणसांना खावे लागले.

या काटकसरीचा राजकीय उपयोगही झाला. ऑक्टोबर १९३३ पासून नाझी राजवटीने 'आइनटॉप्फचा रविवार' सुरू केला. हिवाळ्यात महिन्यातील एका रविवारी प्रत्येक घराने नेहमीच्या भारी जेवणाऐवजी माणशी ५० फेनिगांपेक्षा अधिक खर्च न येणारा, एकाच भांड्यातील पदार्थ करावा आणि वाचलेली रक्कम सरकारच्या हिवाळी मदतनिधीस द्यावी, अशी ती योजना होती. उपाहारगृहांनाही त्या दिवशी असे पदार्थ ठेवावे लागत. वरवर पाहता हे दान ऐच्छिक होते. परंतु पैसे गोळा करणारे दारोदार फिरत आणि न देणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाई. ज्या मदतीच्या नावाने ही बचत मागितली जात होती, त्या मदतीतून ज्यू नागरिकांना १९३५ पासून वगळण्यात आले. गृहिणीच्या भांड्यातील काटकसर अशा रीतीने निष्ठेची परीक्षा होऊन बसली.

राजवट १९४५ मध्ये संपली. पदार्थ तिच्याहून पुष्कळ जुना होता. तो घरोघरी टिकला. वेस्टफालियात राजमा, हिरव्या शेंगा, गाजर, सफरचंद आणि नासपती एकत्र शिजवून 'ब्लिंडहून', म्हणजे आंधळी कोंबडी, या गमतीदार नावाचा आइनटॉप्फ करतात. नावात कोंबडी असली तरी भांड्यात ती नसते.

साहित्य (चार ते पाच माणसांसाठी)

सुका पांढरा राजमा २५० ग्रॅम, कोबी ६०० ग्रॅम, बटाटे ३०० ग्रॅम, मध्यम गाजरे २, मोठे कांदे २, लोणी किंवा तेल ३ मोठे चमचे, शहाजिरे १ लहान चमचा, ओवा दोन चिमूट, तमालपत्र अर्धे, जाडसर कुटलेली काळी मिरी अर्धा लहान चमचा, तयार मस्टर्ड १ लहान चमचा, व्हिनेगर १ मोठा चमचा, चवीपुरते मीठ आणि वरून घालण्यासाठी पार्सली किंवा पातीच्या कांद्याची हिरवी पात.

जर्मन घरांत यात बहुधा धुरावलेले डुकराचे मांस घालतात. शाकाहारी पाकात तो धुराचा खमंगपणा नसतो; त्याची उणीव कोबी नीट परतून बऱ्याच अंशी भरून काढता येते. 'बोनेनक्राउट' भारतात क्वचितच मिळते. तिच्या वासाचे ओव्याशी बरेच साम्य असल्याने ओवा तिच्या जागी चालतो. भारतीय तमालपत्र जर्मन स्वयंपाकातील पानाहून वेगळे असून त्याला दालचिनीसारखा वास असतो. म्हणून ते अर्धेच घ्यावे.

कृती

राजमा निवडून, धुऊन, भरपूर पाण्यात ८ ते १० तास भिजत घालावा. भिजवलेले पाणी टाकून द्यावे. ताजे पाणी घालून राजमा प्रथम उघड्या भांड्यात १० मिनिटे खळखळून उकळावा. नंतर मंद आचेवर एक ते सव्वा तास, किंवा प्रेशर कुकरमध्ये एक शिट्टी झाल्यावर मंद आचेवर सुमारे १५ मिनिटे शिजवावा. दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. तथापि त्याचा आकार राहावा. शिजवलेले पाणी ठेवून द्यावे.

कोबीचा दांडा काढून पाने बोटभर रुंदीच्या पट्ट्यांत चिरावीत. जाड बुडाच्या पातेल्यात लोणी तापवून शहाजिरे आणि उभा चिरलेला कांदा घालावा. कांदा सोनेरी झाला की कोबी व थोडे मीठ घालून, झाकण न ठेवता, सुमारे १० मिनिटे परतावा. कडा किंचित तपकिरी होऊ द्याव्यात. मग गाजराच्या चकत्या, बटाट्याच्या फोडी, ओवा, तमालपत्र, राजमा आणि त्याचे पाणी घालावे. भाज्या बुडतील इतके गरम पाणी ओतून, अर्धवट झाकण ठेवून २५ ते ३० मिनिटे मंद आचेवर शिजवावे. शेवटी एक-दोन डाव राजमा व बटाटे भांड्याच्या कडेला घोटून रश्शात मिसळावेत. त्याने दाटपणा येतो, पीठ लावावे लागत नाही. आच बंद केल्यावर मस्टर्ड, व्हिनेगर व मिरी घालून १५ मिनिटे झाकून ठेवावे. राईच्या पिठाच्या जाड पावाबरोबर, किंवा तो नसल्यास गव्हाच्या कोणत्याही खरपूस पावाबरोबर, गरम वाढावे.

कृतीमागील कारणे

पहिली १० मिनिटे खळखळून उकळण्याची सूचना केवळ चवीसाठी नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे द्रव्य असते. लाल राजम्यात ते सर्वाधिक आणि पांढऱ्यात कमी असले, तरी अर्धवट शिजलेले दाणे खाल्ल्यास काही तासांतच उलट्या व जुलाब होऊ शकतात. चांगल्या उकळीने हे द्रव्य निष्प्रभ होते. कोमट, संथ उष्णतेने होत नाही. म्हणूनच मंद आचेच्या विद्युत भांड्यात कच्चा राजमा थेट घालू नये. प्रेशर कुकरमध्ये ही भीती उरत नाही.

व्हिनेगर अखेरीस घालण्याचेही कारण आहे. आम्लामुळे दाण्याच्या पेशींच्या भिंती मऊ होण्यास विलंब लागतो. आरंभीच आंबट घातले, तर राजमा तासन्‌तास टणक राहतो. कोबीऐवजी आंबवलेला कोबी, म्हणजे 'साउअरक्राउट', घालायचा असेल तर तोही राजमा पूर्ण शिजल्यावरच घालावा. पाणी जड असेल तरी हाच अनुभव येतो. अशा वेळी भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा.

राजम्यातील काही शर्करा लहान आतड्यात पचत नाहीत. पुढे मोठ्या आतड्यात त्यांवर जिवाणूंची क्रिया होऊन वायू होतो. भिजवलेले पाणी टाकल्याने त्या शर्करांचा काही भाग निघून जातो. शहाजिरे आणि ओवा यांची योजना पोट हलके राहावे म्हणूनच झाली आहे. वालाच्या उसळीत ओवा किंवा हिंग घालणाऱ्या मराठी गृहिणीला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवसाची चव

आइनटॉप्फ दुसऱ्या दिवशी अधिक चांगला लागतो, असे जर्मन घरांत मानले जाते. रात्रभरात रस्सा दाण्यांत मुरतो आणि चवी एकजीव होतात. मात्र उरलेला पदार्थ दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा आणि वाढण्यापूर्वी पुन्हा नीट उकळी आणावी.

या पदार्थात महाग असे काही नाही. आदल्या रात्री आठवणीने भिजवलेला राजमा आणि न घाई करता दिलेला वेळ, हेच त्यातील खरे भांडवल. १९३३ मध्ये हेच भांडे हुकमाने चुलीवर चढले, तेव्हा वाचलेला फेनिग दारातून निघून गेला. एरवी त्याच भांड्यातून वाचलेला पैसा घरातच राहिला आणि त्याचे काय करायचे ते घरानेच ठरवले. रस्सा दोन्ही वेळा तोच होता. काटकसर कोणाच्या इच्छेने होते, यावर तिची चव अवलंबून असते.